सुपरग्लूचं पॉलिश: लेथवर हे आलं कुठून?

भुसकट
मंडळी, एक विषय चर्चेला टाकतोय. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत तासायच्या यंत्रावर, उतरवलेल्या लाकडी पेनांवर हल्ली जी जाड, पारदर्शक चकाकी दिसते ती लाखेची नसते, लॅकरचीही नसते. ती सायनोॲक्रिलेटची, म्हणजे आपल्या भाषेत फेविक्विकच्या जातीच्या सुपरग्लूची असते. अमेरिकेत पेनं बनवणारे याला 'सीए फिनिश' म्हणतात आणि तिथे नवशिक्यालाही ती पहिल्या महिन्यात शिकवतात.

माझं मत: ही पद्धत कुणी एकाने शोधून काढलेली नाही. चिकटवायची वस्तू पृष्ठभागावर फासावी असं मुद्दाम कुणाच्या डोक्यात येणार नाही. भेगा भरता भरता ती पसरली. पण मग ती पेनांवरच का रुळली, वाडग्यांवर का नाही? आणि त्यात जवसाचं तेल कुठून घुसलं? जाणकारांनी लिहावं.

रसायनवाला
सुरुवात गोंदापासूनच करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट हाती लागलं, पण ते दिसेल त्याला चिकटायचं, म्हणून बाजूला पडलं. १९५१ मध्ये टेनेसीतल्या किंग्सपोर्टला कूव्हर यांच्या देखरेखीखाली जेट विमानांच्या काचछतासाठी उष्णतेला टिकणारे पदार्थ तपासले जात होते. फ्रेड जॉइनर यांनी एथिल सायनोॲक्रिलेटचा थर रिफ्रॅक्टोमीटरच्या (प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या) दोन प्रिझममध्ये दिला आणि महागडे प्रिझम कायमचे जुळले. या वेळी मात्र कूव्हर यांनी त्याकडे गोंद म्हणून पाहिलं. १९५८ मध्ये 'ईस्टमन ९१०' नावाने तो बाजारात आला.

म्हणजे पहिला शोध पारदर्शक प्लास्टिकचाच होता हे लक्षात घ्या. घट्ट झालेलं सायनोॲक्रिलेट हे ॲक्रिलिकचं भावंड आहे. त्यामुळे 'गोंद फासला' हे वर्णन अर्धवट आहे. लाकडावर पातळ प्लास्टिकचं कवच चढवलं, हे खरं वर्णन.

गिरमिट
पुढचे प्रतिसाद उशिरा येतील. काहींची बोटं कीबोर्डला चिकटली आहेत.

बाल्साबहाद्दर
कोडॅकच्या प्रयोगशाळेतून हा गोंद थेट सुताराच्या टेबलावर आलेला नाही. मधला मुक्काम आहे मॉडेल विमानांचा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सॅटेलाइट सिटी कंपनीचा 'हॉट स्टफ' हा अगदी पातळ सायनोॲक्रिलेट बाल्सा लाकडाची विमानं बनवणाऱ्यांमध्ये पसरला. त्याआधी सांध्यावर गोंद लावायचा, टाचण्या टोचायच्या आणि वाळायची वाट बघायची, असं चालायचं. हॉट स्टफने क्रम उलटा केला. जोड आधी कोरडाच बसवायचा, मग कडेवर एक थेंब. केशाकर्षणाने तो आपोआप आत शिरतो आणि काही सेकंदांत पकडतो.

लाकूड उतरवणाऱ्यांनी नेमकी हीच युक्ती उचलली. वाडग्याला केसासारखी भेग गेली तर पीव्हीए, म्हणजे फेविकॉलसारखा पांढरा गोंद, आत शिरत नाही, इपॉक्सी जाड पडतं. पातळ सायनोॲक्रिलेट मात्र भेगेत पाण्यासारखं धावतं. पुढे त्याच कंपनीचे जाड प्रकार, 'सुपर टी' आणि 'स्पेशल टी', वूडटर्निंगच्या सामानात दिसू लागले. तेव्हा भुसकट, तुमचा भेगांचा मुद्दा बरोबर, पण भेगांच्या आधी विमानं आहेत.

पेनपिसा
+१ बाल्साबहाद्दर.

पेनच का, याचं उत्तर पेनाच्या रचनेत आहे. पेनाचे धातूचे सुटे भाग किट म्हणून तयार मिळतात; नेहमीच्या 'स्लिमलाइन' या बारीक पेनाच्या किटमध्ये ७ मिमीच्या दोन पितळी नळ्या असतात. लाकडाच्या ब्लँकला, म्हणजे कोऱ्या तुकड्याला, ७ मिमीचं भोक पाडून त्या आत चिकटवाव्या लागतात, आणि चिकटवायला बहुतेक जण सायनोॲक्रिलेटच वापरतात. भोक पाडताना टोकाला टवका उडाला की तो बसवायलाही तेच. म्हणजे अमेरिकेत पेनांची किटं पसरली तेव्हा प्रत्येक पेनवाल्याच्या लेथशेजारी ही बाटली उघडीच होती. पॉलिशसाठी वेगळं काही आणावंच लागलं नाही.

दुसरं कारण घाम. पेन दिवसभर हातात असतं. तेव्हा पेनांना फ्रिक्शन पॉलिश लावायचे, म्हणजे लाख, स्पिरिट आणि थोडं तेल किंवा मेण. लेथवर एका मिनिटात झकास चमकतं, आणि वापरात आलं की बोटं धरतात तिथे आधी मंद पडतं. ग्राहक पेन परत घेऊन येतो. वाडगा कोण दिवसभर हातात धरून बसतो?

लाखेचा_हात
इथे लाखेची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

लेथवर फिरत्या लाकडालाच पॉलिश चढवायचं ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी बघा. काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरतं, रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याचं पान दाबून ती एकसारखी पसरवतात आणि चमक आणतात. ना ब्रश, ना वाळायची वाट, ना नाकाला झोंबणारी वाफ. आणि लहान मूल तोंडात घालेल अशा वस्तूवर तर लाखच हवी.

सीए फिनिश केलेलं शिसवीचं पेन हातात घेतलं की प्लास्टिकचं पेन धरल्यासारखं वाटतं. मग लाकूड कशाला? प्लास्टिकचीच कांडी उतरवा ना!

पेनपिसा
लाखेचा_हात, खेळण्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण सॅनिटायझरचा विचार करा. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं, आणि लाख अल्कोहोलमध्येच विरघळते. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने लाखेचं पेन धरलं की बोटांचे ठसे उमटतात. सायनोॲक्रिलेटला अल्कोहोलने फारसं काही होत नाही. त्याचा शत्रू ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर.

प्लास्टिकचा स्पर्श नको असेल तर शेवटचं पॉलिशिंग थांबवा. मायक्रोमेश या पॉलिशच्या बारीक घासकापडाच्या २४०० नंबरवर सोडलं की साटीनसारखी मंद झाक राहते. चकाकी सक्तीची नाही.

रसायनवाला
लाख आणि सायनोॲक्रिलेट यांतला मूळ फरक उष्णतेचा आहे. लाखेला उष्णता हवी, सत्तर-ऐंशी अंशांत ती मऊ पडते आणि त्यावरच सगळं लाखकाम उभं आहे. सायनोॲक्रिलेट उष्णतेने 'वाळत' नाही. हवेतली आणि लाकडातली ओल त्याच्या साखळ्या सुरू करते. बाटलीत ते द्रव राहावं म्हणून किंचित आम्ल घातलेलं असतं, ओलीने ते निष्प्रभ झालं की साखळी धडाधड वाढते. उलट घट्ट झाल्यावर जास्त तापलं तर ते ढिलं पडू लागतं, साध्या एथिल प्रकारचे जोड ऐंशी अंशांपुढे भरवशाचे नसतात.

म्हणून फ्रिक्शन पॉलिशची सवय असलेला माणूस सीएवर हमखास फसतो. टिश्यू जोरात दाबून 'गरम करून चमकवायला' जातो आणि कोट ओरबाडला जातो. इथे दाब नको, वेगही नको.

चंदनचोर
हे सगळं ठीक. पण लावायचं कसं ते कुणी नीट सांगेल का? यूट्यूबवर प्रत्येकाचा वेगळा धर्म आहे.

पेनपिसा
घ्या.

ब्लँक बुशिंगच्या (दोन्ही टोकांना लावायच्या मापाच्या कड्यांच्या) मापापेक्षा केसभर बारीक उतरवा, कारण कवचाने जाडी वाढणार आहे. ३२० आणि ४०० नंबरच्या सँडपेपरने घासा, आणि प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने हात फिरवा. आडवे गोल ओरखडे राहिले तर पारदर्शक कवचाखाली ते भिंगातून बघितल्यासारखे दिसतात. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा ॲसिटोनने पुसून पूर्ण सुकू द्या. शिसव किंवा तत्सम तेलकट लाकूड असेल तर ॲसिटोनच, आणि पुसल्याबरोबर कामाला लागा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं.

स्टीलची बुशिंगं आता काढा. त्यांच्या जागी एचडीपीई प्लास्टिकचे किंवा टेफ्लॉनचे शंकू लावा, त्यांना हा गोंद धरत नाही. स्टीलवरच काम केलंत तर कवच ब्लँक आणि बुशिंग दोन्हींवर सलग बसतं, आणि सोडवताना टोकाला टवका उडतो.

लेथ मिनिटाला ५०० ते ७०० फेऱ्यांवर. टिश्यूची दोन बोटं रुंद घडी करा, तिच्यावर पातळ सायनोॲक्रिलेटचे तीन-चार थेंब घ्या, ब्लँकच्या खालच्या बाजूने टेकवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा, परत या, संपलं. तीन-चार सेकंदांचं काम. तिसऱ्यांदा फिरवायचा मोह होतो, तिथेच टिश्यूचे तंतू चिकटतात. मिनिटभर थांबा. पुढच्या कोटाला टिश्यूचा कोरा भाग. पातळ गोंदाचे तीन-चार कोट, त्यावर मध्यम जाडीच्या गोंदाचे सहा-सात.

मग रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी ६०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून कवच सपाट करा. घासून पुसल्यावर पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसला पाहिजे. कुठे चमकता ठिपका उरला असेल तर तो खड्डा आहे, तिथे अजून पेपर टेकलेलाच नाही. तो तसाच ठेवून पुढे गेलात तर शेवटी संत्र्याच्या सालीसारखं दिसेल. सपाट झालं की मायक्रोमेशचे नऊ तुकडे, १५०० ते १२०००, सगळे ओले. शेवटी प्लास्टिक पॉलिश किंवा गाडीचं बारीक रबिंग पॉलिश.

गिरमिट
१२००० चा पेपर? तेवढ्यात तर बोटाचे ठसेही पुसले जातील, चोरांना कळवा.

रंधा_मारुती
मायक्रोमेशचे आकडे साध्या वॉटर पेपरच्या मापातले नाहीत, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा. त्यांचा १५०० हा साधारण आपल्या ६०० च्या आसपास बसतो. '१५०० च्या वॉटर पेपरनंतर मायक्रोमेशचा १५०० घेतला तर पेन उलट खराब झालं' अशी तक्रार येते, तिचं कारण हेच. पुढे गेल्यासारखं वाटतं आणि माणूस मागे गेलेला असतो.

आणि पेनपिसा, एक महत्त्वाची गोष्ट राहिली. पाणी लावण्याआधी ब्लँकच्या दोन्ही टोकांचं उघडं लाकूड पातळ गोंदाने बंद करा. नाहीतर पाणी तिथून आत शिरतं, लाकूड फुगतं, आणि काही दिवसांनी टोकाकडून कवच उचलायला लागतं. दिसायला कवचाखाली चंदेरी चट्टा दिसतो.

हिशेबी
जरा हिशेब. स्लिमलाइनचा एक भाग सुमारे ५२ मिमी लांब, व्यास साधारण ८.४ मिमी. पृष्ठभाग झाला जेमतेम १४ चौरस सेंमी. चार थेंब म्हणजे साधारण ०.०८ ग्रॅम. त्यातला निम्मा टिश्यूत जातो असं धरलं तर एका कोटाची जाडी येते ०.०२५ ते ०.०३ मिमी. दहा कोटांना पाव मिमीच्या वर, आणि निम्मं घासण्यात गेलं तर हाती उरतं ०.१२ ते ०.१५ मिमी. म्हणजे व्यासावर पाव मिमीचा फरक. पेनपिसांचं 'केसभर' म्हणजे हे.

दोन्ही भागांना मिळून गोंद लागतो दीड-पावणेदोन ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या ट्यूबा वापरल्या तर एका पेनाला चार. त्यापेक्षा २० ग्रॅमची बाटली घ्या.

चंदनचोर
धन्यवाद पेनपिसा, हिशेबी. आता जवसाच्या तेलाचं काय? अर्ध्या व्हिडिओंत आधी तेलाचं बोट, मग गोंद. उरलेल्या अर्ध्यांत तेलाला शिव्या.

लाखेचा_हात
हे तेल आमच्याच घरातून गेलंय. फ्रेंच पॉलिश करताना कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळतात, आत चपडा लाखेचं द्रावण, आणि बोळा अडकू नये म्हणून बाहेरून तेलाचं एक बोट. ज्यांचा हात फ्रेंच पॉलिशवर बसलेला होता त्यांनी लाखेच्या जागी गोंद घेतला आणि तेल तसंच ठेवलं. दुसरं काही नाही.

रंधा_मारुती
घसरावं म्हणून तेल असतं हे मान्य. पण 'तेलाने गोंद लवकर घट्ट होतो' हेही पुष्कळ जण सांगतात आणि ते पूर्ण खोटं नाही. पेंटच्या दुकानात मिळणाऱ्या डबल बॉइल्ड तेलावर दोन थेंब गोंद टाकून बघा, कोरड्या पत्र्यावरच्या थेंबापेक्षा तो आधी धरतो.

रसायनवाला
घसरण्याचा फायदा खरा आणि मोठा. टिश्यू अडकत नाही, कोट लांब पसरतो, वळ पडत नाहीत. पण तेल स्वतः घट्ट व्हायला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि कित्येक तास जातात, गोंदाला काही सेकंद. म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टिकमध्ये ओलं तेल अडकून बसतं. किंचित असेल तर कवच थोडं लवचिक राहतं, लाकडाचा रंगही खुलतो. जास्त झालं तर कवच मऊ आणि धुरकट. एवढंच म्हणेन की तेल घ्यायचंच तर पहिल्या दोन कोटांत घ्या, नंतर नको.

आणि तेलाचे फडके-टिश्यू चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत घट्ट होताना तापतं, ढीग असेल तर आपोआप पेट घेतं. पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

रंधा_मारुती
'किंचित' आणि 'जास्त' यांतली रेघ कुणाला दिसते? म्हणूनच तेल सोडून दिलेलं बरं. मध्यम जाडीचा चांगला गोंद तेलाशिवायही छान पसरतो.

पेणचापेनवाला
पावसाळ्यात इकडे कवचावर पांढरट धुरळा धरतो. उपाय?

रसायनवाला
पेणचापेनवाला, तो धुरळा म्हणजे गोंदाचीच वाफ. न घट्ट झालेला गोंद उडतो, दमट हवेत घट्ट होतो आणि पांढरी पूड होऊन पुन्हा वस्तूवर बसतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांनी याच गुणाचा उपयोग बोटांचे ठसे उठवायला केला. बंद पेटीत गोंद तापवायचा, वाफ ठशाच्या ओलीवर आणि क्षारांवर बसते आणि अदृश्य ठसा पांढरा दिसतो. आज जगभर गुन्हे तपासात ही पद्धत आहे.

यातच तुम्हाला उत्तर आहे. पुसून झाल्यावर ब्लँकला उघड्या बोटाने हात लावू नका, तुमचाच ठसा कवचाखाली पांढरा उमटेल. कोट पातळ ठेवा म्हणजे उडायला गोंद उरणार नाही. आणि लेथपाशी हलका वारा खेळता ठेवा, वाफ तिथे साचता कामा नये. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तेव्हा काम सर्वांत सोपं. कोकणात जुलैमध्ये ते स्वप्नच, तेव्हा बंद खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवून करा.

वऱ्हाडी_वाकस
अन आमच्या अकोल्यात मे महिन्यात उलट. हवा इतकी कोरडी की थेंब लवकर धरतच नाही. ॲक्सिलरेटर, म्हणजे गोंद लवकर धरवायचा फवारा, मारला तर फेस येते.

पेनपिसा
वाकसभाऊ, ॲक्सिलरेटर जवळून मारला किंवा जाड कोटावर मारला की सगळा गोंद एकदम घट्ट होतो, त्या उष्णतेत उरलेला द्रव उकळतो, आणि बुडबुडे तिथेच गोठतात. तो फेस नंतर घासून जात नाही, खालपर्यंत असतो. हातभर लांबून, वाऱ्यावर सोडल्यासारखा एकच फवारा, तोही पातळ कोटावर. त्याहून सोपं म्हणजे काम सुरू करण्याआधी खोलीत ओलं फडकं वाळत घाला आणि कोटांमध्ये पाच-पाच मिनिटं थांबा. अकोल्यात मे महिन्यात कुठे जायची घाई आहे?

वऱ्हाडी_वाकस
कुलरसमोर जायची.

नर्मदेचा_गोटा
अवांतर: व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला हाच गोंद फवारायचे ना? मग लेथवर बोट कापलं तर उपाय हाताशीच आहे.

रसायनवाला
फवारायचे हे खरं. पण बाजारातला एथिल प्रकार उघड्या जखमेत जळजळ आणि उष्णता करतो. शस्त्रक्रियेसाठी ऑक्टिल सायनोॲक्रिलेट हा वेगळा प्रकार आहे, अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. फेविक्विक जखमेवर नको.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर, सुती हातमोजे घालून हे काम कधीही करू नका. कापसात गोंद मुरला की क्षणात इतका तापतो की धूर निघतो आणि चामडी भाजते. नायट्राइलचे मोजे घाला. बाटली सांडली तर टिश्यूचा गठ्ठा टाकून पुसू नका, त्याचंही तेच होतं. पाणी ओता आणि घट्ट झाल्यावर खरवडा. चष्मा हवाच. वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, आणि काहींना वारंवार वापराने दम्यासारखा त्रास सुरू होतो, एकदा सुरू झाला की थोड्या वाफेनेही होतो. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात हळूहळू उकलवा. डोळ्यात गेलं तर नुसतं कोमट पाणी आणि थेट डॉक्टर. ॲसिटोन डोळ्याजवळ नेऊ नका.

सौ_सांडशी
पोळपाट-लाटण्याला हे पॉलिश चालेल का? घरचं लाटणं अगदी निस्तेज झालंय.

लाखेचा_हात
ताई, अजिबात नको. लाटण्यावर कवच नकोच. दाब आणि आपटणं यांत ते तडकेल, तुकडा कणकेत जाईल. खोबरेल किंवा खाण्याचं मेण चोळा, पुरे.

गिरमिट
आणि लाटणं हातात असताना निस्तेज कोण आहे यावर घरात वाद घालू नये.

बाल्साबहाद्दर
भुसकट यांचा वाडग्याचा प्रश्न राहिलाच आहे. वाडग्यावर हे न रुळण्याचं पहिलं कारण आकार. ५२ मिमीच्या नळीवर एक कोट चार सेकंदांत संपतो. २५ सेंमीच्या वाडग्यावर कडेपासून मध्यापर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीचा गोंद घट्ट झालेला असतो, टिश्यू परत तिथे गेला की चिकटलाच. दुसरं, लाकडाची हालचाल. वाडग्याचं लाकूड ऋतूप्रमाणे तंतूंच्या आडव्या दिशेत फुगतं-आकसतं, ठिसूळ कवचाला ते झेपत नाही. पेनाचं लाकूड जेमतेम मिमीभर जाड आणि पितळी नळीला घट्ट चिकटलेलं, त्यामुळे फार हलत नाही.

वाडग्यात भेग भरताना एक काळजी घ्या. कोऱ्या लाकडावर पातळ गोंद सांडला की भेगेभोवती काळपट डाग मुरतो, विशेषतः आंब्यासारख्या फिक्या लाकडात, आणि तो पॉलिशखाली कायम दिसतो. म्हणून आधी भेगेच्या दोन्ही बाजूंना मेण काढलेल्या चपडा लाखेचा एक हात मारा, मग गोंद सोडा. लाख डाग अडवते, पुढे घासताना निघून जाते. मोठी भेग असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा किंवा कॉफीची पूड भरून त्यावर पातळ गोंद. खायचा सोडाही चालतो, लगेच घट्ट होतो, पण पांढरा आणि दगडासारखा कडक, पटाशीची धार जाते.

लाखेचा_हात
बघा, शेवटी लाखेनेच लाज राखली!

भुसकट
सगळ्यांचे आभार. म्हणजे साखळी अशी: विमानातला सांधा, वाडग्यातली भेग, पेनातली नळी. पण माझी एक शंका उरतेच. भेगेवर सांडलेला गोंद खरवडून टाकायचा असतो. तो ठेवून द्यावा, सगळीकडे लावावा, ही पायरी कशी आली?

रंधा_मारुती
तुमच्या साखळीत एक कडी कमी आहे, कुजकं लाकूड. बुरशीने काळ्या रेषा आणि नक्षी आलेलं लाकूड अमेरिकी टर्नर मुद्दाम वापरतात, दिसायला अप्रतिम असतं. पण ते जागोजाग भुसभुशीत असतं. गोल पटाशी लावली की तंतू कापले न जाता उपटले जातात. म्हणून लेथ थांबवून संपूर्ण तुकडा पातळ सायनोॲक्रिलेटने भिजवतात, तो आत मुरून मऊ भाग कडक होतो, मग शेवटचा काप घेतात. छोटा तुकडा असेल तर दोन-तीनदा भिजवावं लागतं.

इथे गोंद भेगेपुरता नाही, वस्तूभर लागलेला आहे आणि काढायचाही नाही. तो घासला की आपोआप चमकतो, कारण वर राहिलेलं ते प्लास्टिकच. ही चमक ज्याने पाहिली त्याला वर अजून चार कोट द्यायला वेगळी कल्पना सुचायची गरज नव्हती. बिलियर्डच्या काठ्या (क्यू) बनवणारे लाकूड बंद करायला, आणि गिटार दुरुस्त करणारे पॉलिशमधले खळगे थेंबाथेंबाने भरायला हाच गोंद वापरतात, तिथेही हाच मार्ग आहे. आधी डागडुजी, मग आवरण.

भुसकट
हे पटलं. भेगेपेक्षा कुजक्या लाकडाची कडी जास्त सरळ जाते.

बाल्साबहाद्दर
मला अजूनही विमानाच्या बाजूनेच वाटतं. बाल्साच्या पंखाच्या पुढच्या कडेला पातळ गोंद चोपडून ती कडक करायची रीत तिकडेही आहे. तेही मुरवणंच.

रंधा_मारुती
मग दोन्हीकडून आली म्हणू. विमानं करणारे आणि लेथ चालवणारे तिकडे पुष्कळदा एकाच गॅरेजमध्ये असतात.

पेणचापेनवाला
शेवटचा प्रश्न. फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली महिन्यात जाड होतेय. आणि एका पेनाच्या टोकाशी कवच उचललंय, पूर्ण काढावं लागेल का?

पेनपिसा
बाटली: न उघडलेली फ्रिजमध्ये, उघडलेली नको. थंड बाटली उघडली की आत दमट हवेचं दव धरतं आणि गोंद आतूनच धरायला लागतो. उघडलेली बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत, बाहेरच, सावलीत. फ्रिजमधून काढलेली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान दोन-तीन तास, झाकणाला हात लावू नका. तोंडाशी गोंद सुकला तर टाचणी घालू नका, नोझल ॲसिटोनमध्ये टाकून ठेवा, तोवर दुसरी लावा.

पेन: चंदेरी चट्टा चार-पाच मिमीपेक्षा लहान असेल तर पेन दाबयंत्राने उलटं दाबून सुटं करा, टोकाला पातळ गोंदाचा एक थेंब टेकवून आत शोषला जाऊ द्या, चट्टा नाहीसा झाला तर काम झालं. मग फक्त तेवढाच भाग ६०० पासून पुन्हा घासा. चट्टा तसाच राहिला तर आत पाणी किंवा तेल आहे. तिथे थेंब टाकत बसू नका, धारदार स्क्यूने (तिरप्या धारेच्या पटाशीने) सगळं कवच उतरवा, ॲसिटोनने पुसा, दोन दिवस कोरड्या जागी ठेवा आणि टोकं आधी बंद करून पुन्हा पहिल्या कोटापासून सुरू करा.

पेणचापेनवाला
चट्टा तीन मिमीचा आहे. थेंब टेकवून बघतो.